भिंतीवरचं विचारायचं नाही

मोगऱ्याची एक फांदी मागितली, तर बाईनं सरळ पाठ फिरवली. शरीफाखालाची न् माझी पहिली गाठ पडली ती अशी. त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागले की कुणी म्हणायला नको, हिला पहिल्यापासूनच पुळका होता.

नेकनूरच्या सरकारी मदरशात आमच्या मास्तरांची नेमणूक झाली होती. निजामाचं राज्य. हुकूम उर्दूत, शाळा उर्दूत, मास्तरांचा सारा दिवस उर्दूत जायचा आणि संध्याकाळी घरी मराठी बोलता बोलता मधेच शब्दाला अडायचे. घरात आम्ही तिघंच. मास्तर, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणे. आम्ही लिंगायत. आत्याबाईंच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि सोवळं असं की आडावरून भरून आणलेल्या घागरीवर कावळ्याची सावली पडली तरी त्या घागरीकडं बघत उभ्या राहायच्या, ओतू का ठेवू म्हणून. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागं परसू, परसात आड आणि आडाच्या पलीकडं छातीएवढी दगडमातीची भिंत. भिंतीपलीकडं शरीफाखालाचं अंगण. खाला म्हणजे मावशी, सारं गाव तिला तसंच म्हणे.

अंगण कसलं, जंगलच म्हणायचं. फुटक्या रांजणांचे तळ, रॉकेलचे डबे, कान तुटलेली घमेली, एक जुनी चामड्याची मोटसुद्धा, जे हाती लागेल त्यात माती भरून बाईनं काहीतरी लावलेलं. गुलाब, अबोली, जाई, तगर, पुदिना, सब्जा, मेंदी. मधोमध चुनेगच्ची केलेला तीन हात लांबीचा एक हौद. रजया भरून, त्यांना टाके घालून देणं हा तिचा धंदा. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. उंच, सडपातळ, अंगावर पांढरी ओढणी, आणि टाके घालून घालून पाठीला थोडा बाक आलेला. ही पाठ मी आयुष्यात जितकी बघितली तितकी कुणाचीच नाही.

तर मोगरा. मी आपली भिंतीपाशी जाऊन गोड बोलून म्हटलं, आम्ही नवीन आलोय, आत्याबाईंना पूजेला फुलं लागतात, एक फांदी मिळेल का? बाईनं मला नखशिखांत बघितलं, "मागून न्हाई मिळत," एवढं म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली. मी फणकाऱ्यानं घरात आले. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी काही बोललेही नव्हते, नुसती भिंतीपाशी पाणी शेंदायला गेले, तर बाई हातातलं काम टाकून पुन्हा पाठमोरी. मला वाटलं, काय मेलं सोंग आहे. आमचं तोंड बघायचं नसेल तर आत जावं ना. मी बराच वेळ घागर घासत बसले, ती बराच वेळ उभी. शेवटी तीच वैतागली आणि न वळता म्हणाली, "किती येळ उभी करतीस, बेटी? माझी कंबर धरली. तोड ना."

मागून घेतलेलं रोप लागत नाही, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत नेलेलंही लागत नाही, चोरून नेलेलंच लागतं, अशी तिची ठाम समजूत. तशी ही समजूत आपल्याकडं बऱ्याच बायकांची असते, पण तिच्यापायी चोराची सोय करून देणारी बाई मी एकच पाहिली. कुणी दारात आलं आणि एखाद्या झाडाकडं दोनदा बघितलं की खाला पाठ फिरवायची. मग तुम्ही फांदी तोडा, मुळासकट उपटा, बी ओंजळीत भरा. ती बघणार नाही, नंतर विचारणार नाही आणि तुम्ही "नेलं हं" असं म्हटलंत तर चिडणार. आपल्याला कुणाला काही द्यावंसं वाटलं तर ते भिंतीवर ठेवायची आणि आत निघून जायची. भिंतीवरचं विचारायचं नाही, उचलायचं, हा तिचा कायदा. मी त्या कायद्यानं बारा वर्षं चोऱ्या केल्या.

पुढं माझ्या ध्यानात आलं, यात आणखी एक सोय होती. आत्याबाई दुसऱ्या कुणाच्या हातचं फूलही पूजेला घेत नसत. पण ही फुलं मी स्वतः तोडलेली, खालाचा हात न लागलेली. रोज सकाळी ओंजळभर मोगरा लिंगावर चढायचा आणि तो कुठून आला हे आत्याबाई कधी विचारत नसत. खालानं हे सगळं आमच्यासारख्यांसाठी मुद्दाम काढलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी पाठच फिरवली असती तिनं.

स्वतः मात्र ती उघड चोर होती. उरुसाला गेली, कुणाच्या मयतीला गेली, बाजारला गेली, येताना ओढणीच्या टोकाला ओली माती आणि एक काडी बांधलेली असायची. आणि जिथून आणलं त्या माणसाचंच नाव त्या झाडाला. गुलाबी गुलाब म्हणजे "वडवणीची पाटलीण". अबोली म्हणजे "कासारीण". पुदिना "मुन्शीजी". मास्तर एकदा संध्याकाळी हातपाय धूत होते आणि पलीकडून खाला मला सांगत होती, वडवणीच्या पाटलिणीला लई कीड लागलीय, उद्या तिचं डोकं छाटावं लागंल, मुन्शीजी तर पार नालीपर्यंत पसरलाय. मास्तर तांब्या हातात धरून तसेच उभे. घरात येऊन मला हळूच म्हणाले, अगं, या बाईला आपण कुणाला तरी दाखवायला पाहिजे. मी हसून हसून बेजार. नंतर मास्तरांनाही त्याची सवय झाली. मदरशातून आले की स्वतःच विचारायचे, काय म्हणते पाटलीण?

"घाई कावून?" म्हणजे घाई कशाला, हे तिचं पालुपद. कळी उमलत नाही, घाई कावून? मास्तरांची बदली होते होते राहिली, घाई कावून? माझी कूस उजवेना, आत्याबाई सारख्या टोचायच्या, मी आडावर बसून रडले, तेव्हाही ती भिंतीपलीकडून तेच म्हणाली आणि थोड्या वेळानं भिंतीवर पेढ्याएवढा मातीचा गोळा ठेवून गेली. त्यात जाईची मुळं फुटलेली काडी होती. मूल काही मला झालं नाही ते नाहीच. जाई मात्र अशी फोफावली की आडाचा रहाट दिसेना.

पण झाडं हा तिचा वरवरचा छंद म्हणायचा. खरा जीव होता हौदात. हौदात लाल मासे होते. तसले मासे तोवर मी चित्रातही बघितले नव्हते. उन्हात वर आले की भट्टीतून काढलेल्या लोखंडाच्या तुकड्यासारखे दिसायचे. नेकनूरचा बाजार करायला आलेली माणसं आधी खालाच्या हौदावर यायची आणि मग मिरच्या घ्यायला जायची. तिचा नवरा, नबीसाब, हैदराबादेत एका देवडीवर, म्हणजे बड्या सरदाराच्या वाड्यावर, कारंज्याची देखभाल करायचा. नोकरी सुटली तेव्हा मालकानं विचारलं, काय पाहिजे ते माग. या वेड्यानं सात मासे मागितले. तांब्याच्या हंड्यात घालून परभणीपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं आणले. हंडा मांडीवरून खाली ठेवला नाही, प्रत्येक मुक्कामाला थोडं थोडं पाणी बदललं, आणि सातच्या सात जिवंत घरी पोचले. हौद त्यानं स्वतःच्या हातानं बांधला. पुढं तो तापानं गेला. खाला त्याच्याबद्दल फार बोलायची नाही, पण हौदाजवळ बसली की "आमचे म्हनायचे" असं सुरू व्हायचं. माशांना नजर लागते म्हणून मोजू देत नसे. "हायत तितके हायत," म्हणायची.

त्या माशांवर एकदा संकट आलं होतं. दौऱ्यावर एक मोठे अंमलदार आले, त्यांचा तंबू गावाबाहेर पडला, आणि त्यांच्या कानावर लाल माशांची कीर्ती गेली. शिपाई आला. म्हणाला, साहेबांच्या बागेत कारंजं आहे, मासे द्या. खालानं सांगितलं, माझ्या घरचं मागून मिळत नाही. साहेबांना म्हणावं, येऊन चोरून न्या. शिपायाची बोबडीच वळली. हा निरोप त्यानं कसा पोचवला कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी साहेब खरोखर घोड्यावरून आले. निम्मं गाव मागं. मी आणि मास्तर भिंतीआडून बघत होतो. साहेब हौदाशी आले. खालानं ओढणी पुढं ओढली, अदबीनं सलाम केला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

आता सांगा, एवढ्या लोकांसमोर एक अंमलदार एका म्हातारीच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून चोरी कशी करणार? साहेबांनी कोटाच्या बाहीचं एक बटण काढलं. हौदाकडं बघितलं, खालाच्या पाठीकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. मग बटण परत लावलं आणि घोड्यावर बसून निघून गेले. गावात महिनाभर हशा चालला होता. पण ते गेल्यावर खाला हौदाच्या काठावर मटकन बसली, ते फक्त मी बघितलं. मी म्हटलं, खाला, खरंच नेले असते तर? ती म्हणाली, "तर नेले असते. पाठ फिरवली की मंग आपलं काय हाय त्यात?"

साहेबांनी सोडलं ते खंड्यानं नेलं. हा निळा पक्षी एका पावसाळ्यात हौदावर येऊन बसायला शिकला. खाला टाके घालत बसलेली असायची, सूर मारल्याचा आवाज यायचा, आणि मान वर करेपर्यंत काम झालेलं. तिनं हौदावर काथ्याची जाळी विणून टाकली, पण तोवर दोनच मासे उरले. एक नर, एक मादी. मादीला ती "नवरी" म्हणायची. दोन वर्षं नवरीनं अंडी दिली नाहीत. दोघंही म्हातारे झालेले. खाला पहिल्यांदाच मला काळजीत दिसली. एकदा मला म्हणाली, हे गेले की आमच्या मालकानं आणलेलं संपलं, मग हौद बुजवून टाकीन. घाई कावून, असं मी तिचंच तिला ऐकवलं. ती हसली नाही.

आता माझी करणी ऐका.

खालाच्या मोरीच्या कडेला वाळ्याचं मोठं बेट होतं. दर उन्हाळ्यात पाडव्याच्या सुमाराला ती वाळ्याची मुळं खणायची, धुवायची, जुडी बांधायची आणि आमच्यासाठी भिंतीवर ठेवायची. ती जुडी मी रांजणात टाकायची. पाण्याला असा गार, मातकट वास यायचा की आत्याबाईसुद्धा दोनदा पाणी मागायच्या. हौदातही वाळ्याच्या जुड्या सोडलेल्या दिसायच्या. मला वाटे, आपल्याला गार वाटतं तसं माशांना वाटावं म्हणून असेल. मासे त्या मुळांना अंडी चिकटवतात, आणि मग आपलीच अंडी आपणच खातात, म्हणून ती जुडी तातडीनं उचलून दुसऱ्या कुंड्यात ठेवावी लागते, ही नबीसाबानं शिकवलेली युक्ती मला कुठून ठाऊक असणार? अकरा वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलं नाही. विचारायचं नाही असाच तिथं कायदा होता ना.

त्या वर्षी पाडवा होऊन गेला तरी भिंतीवर वाळा आला नव्हता. ऊन मी म्हणत होतं. आत्याबाईंनी सकाळपासून दोनदा विचारलं, वाळा नाही का टाकला यंदा? तेवढ्यात मी परसात गेले, तर भिंतीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी. मी खूश. बाईनं यंदा धुऊन, भिजवून ठेवली म्हणायची. मुळांना राजगिऱ्यासारखी बारीक कणी चिकटलेली होती. मला वाटलं, रेती असेल, एकदा विसळून घ्यावं. पण उन्हानं जीव नकोसा झाला होता, मी कंटाळा केला आणि जुडी तशीच रांजणात सोडली. माझा आळस जन्मात एकदाच कामाला आला, तो त्या दिवशी.

दुपारी खाला भिंतीपाशी खाली वाकून काहीतरी शोधत होती. मी विचारलं तर म्हणाली, नवरीनं अंडी दिली होती, गेली. मांजरानं नेली असतील. चेहरा असा उतरलेला की मला पुढं बोलवेना. तिसऱ्या दिवशी नवरी उताणी तरंगायला लागली. म्हातारं शरीर, तिला ते झेपलं नाही. खालानं तिला वडवणीच्या पाटलिणीच्या मुळाशी पुरलं आणि दोन दिवस अंगणात आलीच नाही. रजयांची सुई बंद, तिचं झाडांशी बोलणं बंद. मी भिंतीपलीकडं बघून बघून परत यायची आणि आमच्या रांजणातलं गार पाणी प्यायची.

पाचव्या दिवशी सकाळी रांजण धुवायला काढला. आमचा रांजण वाळूत अर्धा पुरलेला, त्यामुळं तांब्यानं उपसून रिकामा करावा लागे. तीन तांबे मी मोरीत ओतले. चौथा भरला तेव्हा खिडकीतलं ऊन नेमकं तांब्यावर पडलं आणि पाण्यात काहीतरी हललं. आमच्याकडं पाण्यात काही वळवळलं की पहिली आठवण येते नारूची. पायातून हातभर लांब जंतू निघताना मी बघितलेले आहेत. मी तांब्या उजेडात धरला. जंतू नव्हता. दोन काळे ठिपके, आणि त्यांच्या मागं केसाएवढा दोरा. दुसरं. तिसरं. फार वर्षांपूर्वी खालानं असंच एक कुंडं मला दाखवलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, हे कसले मासे, नुसते दोन डोळे आणि एक दोरा. मी मटकन खाली बसले. जुडी, राजगिरा, भिंत, सगळं एकदम उलगडलं, दुसरं कुंडं भरेपर्यंत खालानं ती जुडी घटकाभर भिंतीवर टेकवली असणार. आणि मोरीत ओतलेले तीन तांबे डोळ्यांसमोर आले.

पलीकडच्या खोलीत आत्याबाई पूजा करत होत्या. पाच दिवस आम्ही तेच पाणी प्यालो होतो, त्याच पाण्यात डाळ शिजली होती. मी काही बोलले नसते तर कुणाला कळलं नसतं. पण मग रांजण तसाच कसा ठेवणार? मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, माशाची अंडी म्हणूनच सांगितलं, काही लपवलं नाही. आत्याबाईंचा हात बेलपानासकट थांबला. मग म्हणाल्या, "ओतून दे."

"नाही ओतणार," मी म्हटलं. अकरा वर्षांत मी त्यांना नाही म्हटलेलं ते पहिलं. मी सांगत सुटले, नवरी मेली, एकटा म्हातारा नर राहिलाय, खालाच्या नवऱ्यानं आणलेल्याचा वंश आता एवढाच उरलाय, ती हौद बुजवणार आहे. आत्याबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या लिंगावरच्या मोगऱ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी पूजा आटोपली, उठल्या, परसात गेल्या आणि ज्या भिंतीशी त्या जन्मात कधी थांबल्या नव्हत्या तिथं उभं राहून हाक मारली, "शरीफाबी, जरा इकडं या."

खाला परसदारानं आली आणि उंबऱ्यापाशी थबकली. अकरा वर्षांत तिनं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आत्याबाई बाजूला सरल्या, म्हणाल्या, या आत. मी रडत रडत तिला सांगितलं. ती रांजणात वाकली. किती तरी वेळ वाकलेलीच. वर आली तेव्हा गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायचं तिला भान नव्हतं. मी म्हटलं, खाला, जुडी भिंतीवरून मीच नेली असणार हे तुम्हाला सुचलं नाही? विचारलं का नाही मला?

"सुचलं तर," ती म्हणाली. "पन भिंतीवरचं इचारायचं न्हाई, हा माजाच कायदा हाय. आन इचारलं असतं तर ह्या तुज्या सासूनं, माईनं, घरातलं समदं पानी वतून दिलं असतं, आन तू जल्मभर रडली असतीस. मंग म्हनलं, मांजरच असू दे."

पाच दिवस ही बाई आपल्या नवऱ्याची शेवटची निशाणी गेली म्हणून आतल्या आत जळत होती, आणि मी रोज आमच्या रांजणातलं तेच गार पाणी पीत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

पण प्रश्न पुढंच होता. पिल्लं इतकी कोवळी की हलवली तर मरतील, खाला म्हणाली, पंधरा-वीस दिवस तरी रांजणातच राहू द्यावी लागतील. आत्याबाई म्हणाल्या, राहू द्या, आम्ही दुसरा रांजण आणतो. मग त्यांनीच विचारलं, यांना खायला काय लागतं? खाला माझ्याकडं बघायला लागली. मला ठाऊक होतं, त्या जुन्या कुंड्यात तिला घालताना बघितलं होतं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक मलमलच्या फडक्यातून पिळून चिमूटभर. लिंगायताच्या घरात अंडं! खालानं शेवटी खाली मान घालून ते सांगितलं, आणि लगेच म्हणाली, राहू दे माई, मी यांना नेते, जगतील तितके जगतील.

आत्याबाई उठल्या. भिंतीकडं तोंड करून पाटावर बसल्या. "मी पाठ फिरवते," त्या म्हणाल्या. "काय घालायचं ते घाला. मला सांगू नका."

खाला ओढणीत तोंड लपवून हसायला लागली, आणि मी पाहिलं, पाठमोऱ्या आत्याबाईंचे खांदेही हलत होते.

त्यानंतर रोज दोन वेळा हा सोहळा. खाला आली की आत्याबाई जपमाळ घेऊन भिंतीकडं तोंड करायच्या. खाला मलमल पिळायची. पहिले दिवस नुसता जप चालायचा. मग भिंतीशीच बोलल्यासारख्या आत्याबाई विचारायला लागल्या, लाल झाले का? खाला सांगायची, न्हाई माई, लाल व्हायला चार-सहा म्हैने जातात, घाई कावून? मग माहेरच्या गोष्टी निघाल्या, गेलेल्या नवऱ्यांच्या निघाल्या. दोन म्हाताऱ्या, एक रांजणाकडं तोंड करून आणि एक भिंतीकडं, तास तास बोलायच्या. आत्याबाई एकदम बदलल्या असं मी म्हणणार नाही. खाला गेली की त्या घरात पाणी शिंपडायच्या, आणि खालाला ते माहीत होतं. पुढं पुढं शिंपडायचं विसरायला लागल्या. आणि मी आठवण करून दिली नाही.

किती पिल्लं जगली ते मी सांगू शकत नाही, खालानं मोजू दिलं नाही. हौद पुन्हा हलता झाला. आधी काळपट होती, दिवाळीच्या सुमाराला एकेक लाल व्हायला लागलं. पहिलं लाल झालं तेव्हा खाला हातातली सुई टाकून आमच्याकडं आली आणि आत्याबाई चपला न घालता तशाच तिच्या अंगणात गेल्या. त्या माशांचं नावच पडलं, "माईची पोरं".

दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात मास्तरांच्या बदलीचा कागद अखेर आला. चकलांब्याला. दोन दिवसांत सामान बांधलं. खाला त्या दोन दिवसांत फारशी दिसली नाही. निघायच्या दिवशी सकाळी बैलगाडी दारात, मास्तर पुढं बसलेले, आत्याबाईंना मागं गादीवर बसवलं. मी शेवटचं परसात गेले. भिंतीवर तांब्याचा हंडा ठेवलेला होता, तोच, नबीसाबानं मांडीवर धरून आणलेला. आत वाळ्याची एक जुडी आणि दोन लाल मासे. भिंतीपलीकडं खाला पाठ करून उभी होती.

मी म्हटलं, खाला, एवढं नको, हा हंडा तुमच्या नवऱ्याचा. मग म्हटलं, निदान एकदा इकडं बघा तरी. मी आता परत कधी येईन, येईन की नाही.

"वळले तर लागत्याल का?" ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "ने, बेटी. हरेक मुक्कामाला थोडं थोडं पानी बदल. घाई नगं."

गाडीतून आत्याबाईंनी हाक मारली, चोरी करायला इतका वेळ लागतो का गं? मी हंडा उचलला. बारा वर्षांत एवढं जड मी काही चोरलं नव्हतं.

गाडीत बसले, हंडा मांडीवर घेतला. रस्ता तिच्या अंगणाच्या कडेनं वळतो, तिथून कुडावरून सगळं दिसतं. वडवणीची पाटलीण फुलली होती. मोगऱ्यापाशी खाला तशीच पाठमोरी उभी, एका हातानं भिंत घट्ट धरलेली, आणि पाठ हलत होती. आत्याबाईंनीही वळून बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी गाडीत उभी राहून दोनदा हाक मारली. बैल चालत होते, हंड्यातलं पाणी माझ्या लुगड्यावर सांडत होतं. वळण संपेपर्यंत मी मान वळवून बघत राहिले. ती वळली नाही.